द्वारपालानं दार लावलं, तरीही? : 'हाऊ डेमॉक्रसीज डाय' वाचताना १९६९ का आठवावं

पीएचडी प्रवेशासाठी सिनॉप्सिस लिहिणारे मित्रमैत्रिणी अधूनमधून आपले आराखडे मला वाचायला पाठवतात. विषय 'लोकशाहीची घसरण' असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य हमखास भेटतं : राजकीय पक्ष हे लोकशाहीचे द्वारपाल असतात, त्यांनी आपलं काम चोख केलं नाही की हुकूमशाही वृत्तीचे नेते आत शिरतात. त्याला लागूनच 'भारतातही हेच दिसते' असं येतं आणि गाडी पुढच्या मुद्द्याकडे वळते.

हे वाक्य माझ्याही पहिल्या आराखड्यात होतं. गाईडनं समासात पेन्सिलीनं दोनच शब्द लिहिले होते : 'किल्ली कुणाकडे?' तेव्हा मला ती नुसती खोच वाटली. नंतर उत्तर शोधायला बसलो, तेव्हा कळलं की एका गाजलेल्या पुस्तकातली कल्पना मी न तपासता उचलली होती. आज त्या पुस्तकाबद्दल आणि त्या दोन शब्दांबद्दल लिहितोय. तुमच्यापैकी अनेकांना हेच पुस्तक 'सैद्धांतिक चौकट' म्हणून वापरायचं असेल, म्हणून जरा सविस्तर.

पुस्तक म्हणतं काय?

स्टीव्हन लेवित्स्की आणि डॅनियल झिब्लाट हे हार्वर्ड विद्यापीठातले दोन राज्यशास्त्रज्ञ. त्यांचं 'हाऊ डेमॉक्रसीज डाय' २०१८ साली आलं. अमेरिकेत ट्रम्प निवडून आल्याला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. पुस्तकाचा मुख्य भार अमेरिका, युरोप आणि लॅटिन अमेरिका यांवर आहे. मांडणी थोडक्यात अशी : आजकाल लोकशाही रणगाडे रस्त्यावर आणून मारली जात नाही, निवडून आलेले नेतेच ती आतून पोखरतात. असे नेते प्रत्येक समाजात असतात. प्रश्न असतो तो त्यांना मुख्य प्रवाहात येऊ द्यायचं की नाही हा, आणि ते ठरवण्याचं काम प्रस्थापित पक्षांचं.

असा नेता ओळखायचा कसा? लेखक हुआन लिंझ यांच्या १९७८ सालच्या अभ्यासाचा आधार घेऊन चार खुणा देतात : लोकशाहीचे नियम नाकारणं, विरोधकांना बेकायदा किंवा देशद्रोही ठरवणं, हिंसेला मुभा देणं आणि नागरी स्वातंत्र्यांवर गदा आणायची तयारी दाखवणं. खूण दिसली की पक्षानं दार लावावं. गरज पडली तर कट्टर विरोधकांशीही हात मिळवावा.

उदाहरणं लक्षात राहणारी आहेत. इटलीत १९२१ च्या निवडणुकीत जिओलित्तींनी मुसोलिनीच्या लोकांना आपल्या आघाडीत घेतलं आणि ३५ फासिस्ट संसदेत पोहोचले. जर्मनीत जानेवारी १९३३ मध्ये 'याला आपण मुठीत ठेवू' या भरवशावर परंपरावाद्यांनी हिटलरला चॅन्सेलर होऊ दिलं. उलट बेल्जियममध्ये १९३७ च्या ब्रुसेल्स पोटनिवडणुकीत कॅथलिक पक्षानं आपल्याच विचारांच्या जवळच्या देग्रेलला पाठिंबा नाकारला आणि इतर पक्षांबरोबर पंतप्रधान व्हान झीलांड यांच्यामागे उभं राहून त्याला पाडलं. मग अमेरिका : १९६८ पर्यंत अध्यक्षपदाचा उमेदवार बव्हंशी पक्षातले पुढारी ठरवत, १९७२ पासून प्रायमरी निवडणुका निर्णायक झाल्या, दार सताड उघडलं आणि २०१६ मध्ये जे व्हायचं ते झालं.

आधी श्रेय

टीका करायची म्हणजे आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्या सर्वात भक्कम रूपात मांडायचं. हे पुस्तक दोन गोष्टी फार चांगल्या करतं. पहिली, लोकशाहीच्या ऱ्हासाची चर्चा ते 'लोक बिघडले' या तक्रारीतून बाहेर काढतं आणि पुढाऱ्यांच्या विशिष्ट निर्णयांकडे बोट दाखवतं. दुसरी, कायदा न मोडताही लोकशाही मोडता येते हे ते समजावतं. हातात असलेला अधिकार शेवटच्या टोकापर्यंत न वापरणं याला लेखक संस्थात्मक संयम म्हणतात. भारतात याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून न्या. रे यांना सरन्यायाधीश नेमलं गेलं. राज्यघटनेत ज्येष्ठताक्रमाचा नियम लिहिलेला नव्हता, तो संकेत होता. कायदा शाबूत राहिला, संयम गेला. पुस्तकातला संयमाचा मुद्दा आपल्याला थेट लागू पडतो.

माझी अडचण आहे ती द्वारपालाच्या मुद्द्याशी, आणि आपल्या सिनॉप्सिसमध्ये नेमका तोच जास्त वापरला जातो.

पहिली शंका : निकाल ठाऊक असताना निवडलेली उदाहरणं

संशोधन पद्धतीच्या पेपरमध्ये आपण वाचतो की प्रकरणं निवडताना फक्त निकाल बघून निवडू नयेत. इथे निदान दोन्ही प्रकारची आहेत, बुडालेलीही आणि वाचलेलीही. पण एक जात गायब आहे : जिथे पक्षानं दार लावलं आणि तरीही उपयोग झाला नाही, अशी प्रकरणं. ती नसतील तर 'दार लावलं की लोकशाही वाचते' हे वाक्य तपासलं जाणार कसं?

गंमत म्हणजे असं एक प्रकरण पुस्तकातच अर्धवट दडलेलं आहे. व्हेनेझुएलाचे राफाएल काल्देरा. १९९२ मध्ये चावेझचा बंडाचा प्रयत्न फसला. काल्देरांनी बंडवाल्यांबद्दल सहानुभूतीचं भाषण केलं, १९९३ ची अध्यक्षीय निवडणूक जिंकली, मग चावेझवरचे आरोप मागे घेतले, आणि १९९८ मध्ये चावेझ स्वतः निवडून आले. लेखक हे चुकलेल्या द्वारपालाचं उदाहरण म्हणून सांगतात. पण काल्देरा १९९३ मध्ये जिंकले कसे? ज्या कोपेई पक्षाची त्यांनी स्वतः स्थापना केली होती, त्यानं त्यांना उमेदवारी दिली नव्हती. ते बाहेर पडले, नवी आघाडी उभी केली आणि जिंकले. म्हणजे दार लावलं गेलं होतं. ज्याच्यासाठी लावलं, तो भिंतीला वळसा घालून आला.

एका उदाहरणावरून सिद्धांत पडत नाही. पण 'दार लावणं' आणि 'दार लावल्याचा परिणाम होणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं तरी दिसतं. आता हाच प्रश्न घेऊन दिल्लीत येऊ.

१९६६ ते १९७१ : द्वारपालांची परीक्षा

साठच्या दशकातला काँग्रेस पक्ष हा जगातल्या सर्वात अनुभवी द्वारपालांचा पक्ष म्हणता येईल. रजनी कोठारींनी १९६४ मध्ये त्याला 'काँग्रेस सिस्टीम' म्हटलं : पक्षाच्या आतच गट, गटांची आपसांत स्पर्धा, आणि बाहेरचे विरोधी पक्ष या गटांमार्फत दबाव आणणारे. नेहरूंच्या नंतर १९६४ मध्ये कामराज आणि राज्याराज्यांतल्या बड्या पुढाऱ्यांनी, म्हणजे पुढे ज्यांना 'सिंडिकेट' म्हटलं गेलं त्यांनी, शास्त्रीजींचं नाव एकमतानं ठरवलं. जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजी गेले. मोरारजी देसाई अडून बसले, संसदीय पक्षात मतदान झालं आणि इंदिरा गांधी ३५५ विरुद्ध १६९ मतांनी निवडून आल्या. त्यांच्यामागे उभं राहताना 'ही आपलं ऐकेल' हा हिशेब सिंडिकेटच्या मनात होता, याबद्दल त्या काळावर लिहिणाऱ्यांचं बरंचसं एकमत आहे. जर्मनीतला आणि हा हिशेब यांत साम्य फक्त अंदाज चुकण्याचं आहे, व्यक्तींचं नाही. हा फरक लिहिताना स्पष्ट करायचा असतो, नाहीतर व्हायवात तिथेच अडकाल.

तीन वर्षांनी द्वारपालांनी चूक सुधारायचं ठरवलं. मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं निधन झालं. जुलैत बंगळूरच्या बैठकीत संसदीय मंडळानं इंदिरा गांधींचा विरोध डावलून नीलम संजीव रेड्डी यांची उमेदवारी ठरवली. रेड्डींच्या बाजूनं मत देणाऱ्यांत आपले यशवंतराव चव्हाणही होते. इंदिरा गांधींनी त्याच महिन्यात मोरारजींचं अर्थखातं काढलं, १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि ऑगस्टमध्ये खासदार-आमदारांना विवेकबुद्धीनं मत द्यायला सांगितलं. पक्षाचे अधिकृत उमेदवार रेड्डी पडले, व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती झाले. १२ नोव्हेंबर १९६९ ला काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी शिस्तभंगासाठी पंतप्रधानांनाच पक्षातून काढून टाकलं.

इथे जरा थांबा. पक्षशिस्त मोडणाऱ्या, पक्षाला वळसा घालून थेट जनतेशी बोलणाऱ्या नेत्याला पक्षाच्या जाणत्या पुढाऱ्यांनी बाहेरचा रस्ता दाखवला. पुस्तकाच्या भाषेत द्वारपालानं याहून जास्त काय करायचं असतं?

पुढे काय झालं ते माहीत आहेच. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. बहुसंख्य खासदार इंदिरा गांधींबरोबर गेले. बंगळूरला विरोधात मत देणारे चव्हाणही फुटीत त्यांच्याच बाजूला राहिले. डाव्यांच्या आणि द्रमुकच्या पाठिंब्यावर सरकार टिकलं. १९७१ च्या निवडणुकीत त्यांच्या काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या आणि द्वारपालांच्या काँग्रेसला १६. दार लावणारे दाराबाहेर राहिले, घर मात्र जिला काढलं तिच्याबरोबर निघून गेलं.

पण हे उदाहरण खरंच लागू पडतं का?

आता माझ्याच मुद्द्यावर हल्ला करू. परीक्षक करण्याआधी आपण केलेला बरा.

आक्षेप एक : १९६९ मध्ये इंदिरा गांधी हुकूमशाही वृत्तीच्या होत्या का? चार खुणा लावून बघा. राष्ट्रपतिपदाची निवडणूक नियमांनुसार झाली. विरोधकांना प्रतिगामी म्हटलं गेलं, पण ती राजकारणातली नेहमीची भाषा. हिंसा नाही. नागरी स्वातंत्र्यांवर गदा नाही. म्हणजे १९६९ मध्ये चाचणीचा निकाल जवळजवळ शून्य येतो. हीच चाचणी जून १९७५ नंतर लावली की विरोधी नेते तुरुंगात, वृत्तपत्रांवर सेन्सॉर, असं सगळं भराभर मिळतं. पण तोवर दार लावायला कुणी उरलेलं नव्हतं. मला वाटतं हा आक्षेप १९६९ च्या उदाहरणापेक्षा चाचणीवर जास्त येतो. दार लावता येण्याजोगं असतं तेव्हा खुणा दिसत नाहीत आणि खुणा दिसतात तेव्हा दाराची कडी दुसऱ्याच्या हातात असते. मुसोलिनी-हिटलर यांच्या बाबतीत खुणा लवकर दिसल्या, कारण ते बाहेरून आले होते. पक्षाच्या आतच वाढलेल्या नेत्याला ही चाचणी उशिरा पकडते.

आक्षेप दोन : सिंडिकेटला लोकशाही वाचवायची नव्हती, स्वतःची सत्ता वाचवायची होती. खरं आहे. पण देग्रेलला अडवणाऱ्यांच्या मनात तरी केवळ तत्त्वच होतं का? द्वारपालाचा हेतू शुद्ध असावा अशी अट घातली, तर सिद्धांत 'चांगली माणसं चांगलं वागतात' एवढ्यावर येऊन थांबेल.

आक्षेप तीन, आणि हा मला सर्वात वजनदार वाटतो : द्वारपाल आधीच दुबळे झाले होते. १९६७ च्या निवडणुकीत कामराज स्वतःच्या विरुदुनगरमध्ये विधानसभेला पडले. मुंबई काँग्रेसचे अनभिषिक्त राजे स. का. पाटील यांना जॉर्ज फर्नांडिसनी दक्षिण मुंबईत हरवलं. अतुल्य घोषही पडले. ज्याला स्वतःची जागा राखता येत नाही, त्याची राखण इतरांनी कशाला मानायची? याच धाग्यानं आणखी मागे जाता येतं. १९५० मध्ये पुरुषोत्तमदास टंडन काँग्रेसचे अध्यक्ष निवडून आले, नेहरूंशी त्यांचं जमलं नाही, १९५१ मध्ये टंडनांनी राजीनामा दिला आणि नेहरूंनी अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. पंतप्रधान विरुद्ध पक्षसंघटना हा सामना संघटनेनं तेव्हाच एकदा हरला होता.

बघा, हा तिसरा आक्षेप आपल्याला पुस्तकाच्या पलीकडे नेतो. प्रश्न 'द्वारपालानं धैर्य दाखवलं का?' हा राहत नाही. नेत्याची ताकद येते कुठून, पक्षाच्या आतून की पक्षाला ओलांडून, हा प्रश्न होतो. ताकद आतून येत असेल, म्हणजे तिकीट, पैसा, कार्यकर्ते, प्रतिष्ठा हे सगळं संघटना देत असेल, तर दाराला अर्थ आहे. ताकद थेट मतदाराकडून येत असेल, तर पक्षाला नेत्याची गरज जास्त आणि नेत्याला पक्षाची कमी. मग दार लावणं हे स्वतःलाच कोंडून घेणं होतं.

यातला सर्वात रोचक भाग असा की झिब्लाट यांना हे ठाऊक आहे. त्यांचं आधीचं, २०१७ सालचं पुस्तक युरोपातल्या परंपरावादी पक्षांवर आहे. ब्रिटनमध्ये अशा पक्षाची संघटना भक्कम होती म्हणून उच्चवर्गाला लोकशाहीची धास्ती वाटली नाही; जर्मनीत ती विस्कळीत होती म्हणून पक्ष कडव्या गटाच्या हाती गेला, असं त्याचं सूत्र आहे. तिथे कारण म्हणून संघटना होती. वर्षभरानं आलेल्या लोकप्रिय पुस्तकात तिची जागा बरीचशी पुढाऱ्यांच्या निवडीनं घेतली. सामान्य वाचकासाठी ते सोपं झालं असेल, पण संशोधन करणाऱ्यानं लोकप्रिय पुस्तकाच्या मागचं जाड पुस्तक उघडायलाच हवं.

दाराचं पुढे काय झालं

१९७१ नंतर काँग्रेसमध्ये जे घडलं ते पक्षाच्या भूमिकेचा अभ्यास करणाऱ्यांसाठी अधिक महत्त्वाचं आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीनंतर पक्षांतर्गत निवडणुका थांबल्या, त्या थेट १९९२ च्या तिरुपती अधिवेशनाच्या वेळी पुन्हा झाल्या. सुमारे वीस वर्षं देशातल्या सर्वात मोठ्या पक्षात पदाधिकारी वरून नेमले गेले. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींची सही झाली आणि मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळवण्यात आलं. पक्षात विरोध करणारे होते. पुण्याचे खासदार मोहन धारिया यांना जयप्रकाशांशी बोलणी करा म्हटल्याबद्दल मार्च १९७५ मध्येच मंत्रिपद गमवावं लागलं होतं. आणीबाणीत ते, चंद्रशेखर आणि रामधन तुरुंगात गेले. जगजीवनराम बाहेर पडले ते फेब्रुवारी १९७७ मध्ये, निवडणूक जाहीर झाल्यावर. विरोधाला बसायला पक्षात जागा उरली नाही की तो एकेकट्या माणसाच्या धैर्यावर येतो, आणि एकट्याचं धैर्य तुरुंगात टाकता येतं.

हे आकड्यांत कसं दाखवायचं? मी आधी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री मोजले. वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५, अकरा वर्षांहून अधिक. १९८० ते १९८८ या आठ वर्षांत मात्र अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा पाटील, निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार असे सहा. पक्ष एकच, तोही बहुमतात. 'बघा, दिल्लीनं संघटना पोकळ केली' असं लिहून मी खूश झालो होतो.

मग लक्षात आलं की अंतुले आणि निलंगेकर यांच्या राजीनाम्यांमागे न्यायालयीन प्रकरणं होती. म्हणजे सहा हा आकडा सगळा हायकमांडच्या खात्यावर मांडता येत नाही. मुख्यमंत्री किती वेळा बदलला यापेक्षा नवा कुणी निवडला, हे बघायला हवं होतं : आमदारांनी मतदान करून, की दिल्लीहून आलेल्या निरीक्षकानं नाव सांगून? मोजायला सोपी गोष्ट आणि मोजायला हवी ती गोष्ट यांतला हा फरक. माझे दोन महिने त्यात गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून सांगतोय.

कायद्यानं किल्ली कुणाला दिली?

आता गाईडच्या त्या दोन शब्दांकडे येऊ. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदी आली. पक्षादेश मोडून मतदान केलं की आमदारकी-खासदारकी धोक्यात. आयाराम-गयारामांना आळा घालणं हा हेतू योग्यच होता. पण आदेश देणारा पक्ष म्हणजे कोण, त्यानं तो आदेश आत चर्चा करून द्यायचा की नाही, यावर दहावी अनुसूची काही बोलत नाही. सदस्याला पक्षाशी बांधलं, पक्षाला सदस्यांशी बांधलं नाही. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनं एक तृतीयांश फुटीची पळवाटही गेली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची राहिली.

दुसरीकडे, पक्ष फुटला तर चिन्ह कुणाचं हे निवडणूक आयोग १९६८ च्या चिन्हविषयक आदेशानुसार ठरवतो. त्याची बहुमताची कसोटी सर्वोच्च न्यायालयानं सादिक अली खटल्यात मान्य केली. तो खटला म्हणजे १९६९ च्याच फुटीचा वाद! द्वारपाल हरले त्या लढाईतून निघालेला नियम आज पन्नास वर्षांनीही चालू आहे. तेव्हा विधिमंडळ आणि संघटना अशा दोन्हीकडचं बहुमत मोजलं गेलं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेच्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादीच्या वादात आयोगानं विधिमंडळातल्या बहुमतावर निर्णय दिला, कारण संघटनेतलं बहुमत समाधानकारकपणे मोजता येत नाही असं त्याचं मत झालं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मात्र सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही.

कोणाची बाजू बरोबर यात मी इथे पडत नाही, तुम्हीही सिनॉप्सिसमध्ये पडू नका. संशोधकासाठी प्रश्न वेगळा आहे. पक्षात नियमित, नोंदवलेल्या, वादातीत निवडणुका होत असत्या, तर संघटनेचं बहुमत मोजता आलं असतं. त्या नव्हत्या म्हणून मोजण्यासारखं उरलं ते आमदार-खासदारांचं डोकं. ज्याच्या हाती ससा तो पारधी. एकटा आमदार पक्षादेशानं बांधलेला, पण पुरेसे आमदार एकत्र आले तर पक्षच त्यांचा. द्वारपालाची कल्पना इथे अडखळते, कारण आधी घराचा मालक ठरायचा आहे.

मग तुमच्या आराखड्यात काय लिहाल?

सार्तोरींनी १९७० मध्ये इशारा दिला होता की एका प्रदेशात घडलेली संकल्पना दुसरीकडे नेताना ताणली तर तिचा अर्थच विरतो. याचा उपाय संकल्पना टाकून देणं हा नाही. ती ज्या गृहीतकांवर उभी आहे ती सुटी करून बघायची. द्वारपालाच्या कल्पनेत मला तीन दिसली : पक्ष नेत्यापेक्षा वेगळा आणि नेत्याआधीचा असतो, उमेदवारी कोण देतं हे निश्चित असतं, आणि उमेदवारी नाकारली तर नेत्याला किंमत मोजावी लागते. ही तिन्ही जिथे खरी, तिथे सिद्धांत वापरा. एखादं खोटं असेल, तर तेच तुमच्या प्रबंधाचं प्रकरण आहे.

प्रश्नही बदलून बघा. 'पक्ष लोकशाही वाचवण्यात अपयशी ठरले का?' याचं उत्तर हो किंवा नाही असं येतं आणि बहुतेकदा लिहिणाऱ्याच्या राजकीय आवडीनुसार येतं. त्याऐवजी : पक्षाच्या आत नेत्याला नाही म्हणण्याच्या कोणत्या जागा होत्या, त्या कधी आणि कोणत्या निर्णयानं बंद झाल्या? संसदीय मंडळाच्या बैठका, प्रदेशाध्यक्षांच्या निवडी, विधिमंडळ पक्षाच्या नेत्याची निवड, पक्षघटनेतल्या दुरुस्त्या. याला तारीख असते, कागद असतो, वर्तमानपत्रात बातमी असते. आणि ही फूटपट्टी सगळ्या पक्षांना सारखी लावता येते. आपल्या नावडत्या पक्षालाच लावली, तर ते संशोधन नाही.

एक शेवटची गोष्ट. सैद्धांतिक चौकट शोधताना आपण आधी हार्वर्डकडे बघतो. पण २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल, व्यक्तिपूजेबद्दल जो इशारा दिला, तो नेमका याच जागेचा आहे. नेत्याची ताकद संस्थेतून न येता थेट भक्तीतून आली, तर संस्था त्याला थांबवू शकत नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो. त्या भाषणातलं एखादं वाक्य आपण सिनॉप्सिसच्या सुरुवातीला शोभेला लावतो आणि सिद्धांत दुसरीकडून आणतो. एकदा उलट करून बघा : ते भाषण सिद्धांत म्हणून वाचा आणि लेवित्स्की-झिब्लाट यांची उदाहरणं त्यावर तपासा. १९६९ तिथे जास्त नीट बसतं.

आणि आराखडा लिहून झाला की 'पक्ष' हा शब्द जिथे जिथे कर्ता म्हणून आलाय, तिथे पेन्सिलीनं खूण करा. 'पक्षाने ठरवले', 'पक्षाने नाकारले'. प्रत्येक खुणेपुढे विचारा : म्हणजे कुणी? माझ्या पहिल्या आराखड्यात अशा सतरा खुणा झाल्या होत्या. त्यातल्या चारांचं उत्तर मला देता आलं.